बटाट्याच्या वाफ्यातला शिकारी

मार्च 2023 मध्ये सासूबाईंनी आमच्या परसात बटाट्यासाठी वाफा खणायला घेतला आणि तिसऱ्या-चौथ्या घावाला कुदळ टाकून त्या मागे सरल्या.

"अगं, लवकर ये! मातीत माणसाच्या तोंडाचं काहीतरी निघालंय."

आम्ही कॅलिफोर्नियात काँकर्डला राहतो, माउंट डायब्लोच्या पायथ्याशी. त्या हिवाळ्यात इथं पावसाने धुमाकूळ घातला होता. एरवी कोरडे पिवळे दिसणारे डोंगर हिरवेगार झाले होते आणि परसातली चिकणमाती लोण्यासारखी कापली जात होती. सासूबाई कराडकडच्या. सहा महिन्यांसाठी आलेल्या, पण माती दिसली की त्यांना चैन पडत नाही.

मी धावत गेले. ढेकळाशेजारी अंगठ्याएवढा एक जीव उताणा पडला होता. तुळतुळीत मधाच्या रंगाचं मोठं डोकं, त्यावर एकमेकांपासून दूर दोन काळे ठिपक्यांसारखे डोळे, पोटावर तपकिरी आणि काळे पट्टे. पंख नाहीत. पाय आखूड, जाड, काटेरी. जबडे उघडून तो लाथा झाडत होता आणि मागचे पाय पोटाला घासून खस्स खस्स असा आवाज काढत होता.

शेजारपाजारचे लोक याला पोटॅटो बग म्हणतात, म्हणजे बटाट्याचा किडा. स्पॅनिश बोलणारे त्याला नीन्यो दे ला तिएर्रा म्हणतात, भूमीचं बाळ. पुस्तकात तो जेरुसलेम क्रिकेट, आणि क्रिकेट म्हणजे इंग्रजीत रातकिडा. जेरुसलेमशी त्याचा काही संबंध नाही आणि आपल्या ओळखीचा रातकिडाही तो नव्हे. त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे न्यूझीलंडचे वेटा नावाचे किडे आणि दक्षिण आफ्रिकेतले किंग क्रिकेट. अंगात विष नाही. मात्र बोटाने दाबला तर कडकडून चावतो आणि तो चिमटा चांगलाच लागतो. स्वयंपाकघरातल्या जाड हातमोज्यांनी मी त्याला मातीसकट एका डब्यात घेतलं.

डब्यात घेण्याचं कारण घरातच होतं. आमच्याकडे आधीपासून एक टॅरँटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, आहे. ऑफिसातली माझी एक सहकारी दुसऱ्या राज्यात राहायला गेली, तेव्हा ती तिच्याकडून आमच्याकडे आली. ॲरिझोनाच्या वाळवंटातली जात, ॲफोनोपेल्मा चाल्कोडीस, भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारख्या फिक्या रंगाची, पाय पसरले तर माझ्या तळहाताहून मोठी. सहकारीकडे ती दहा वर्षं होती आणि अजून म्हातारी झालेली नाही, कारण या गटातल्या माद्या वीस-वीस वर्षं सहज जगतात. नरांच्या नशिबी तेवढं आयुष्य नसतं.

लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने डब्यातल्या किड्याकडे पाहिलं, कपाटावरच्या काचपेटीकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, या दोघांची मारामारी झाली तर कोण जिंकेल?"

मी झुंज लावणार नाही, आज नाही आणि पुढेही नाही, हे तिला तिथंच सांगितलं. दोन मुके जीव एका पेटीत कोंडून त्यांचा तमाशा बघायचा, हे मला पटत नाही. पण प्रश्न मनात राहिला. मग सव्वा वर्ष हे दोन शिकारी माझ्या एकाच टेबलावर शेजारी-शेजारी राहिले आणि रोज रात्री जेवणं आवरल्यावर मी त्यांच्यासमोर वही घेऊन बसत गेले.

पहिली अडचण मातीची आली. टॅरँटुलाचं सोपं होतं: कोरडी माती, तिरकं ठेवलेलं मातीचं कौल, पाण्याची उथळ वाटी. वाळवंटातली असली तरी वाटी कधी रिकामी ठेवायची नाही, हे सहकारीने बजावून सांगितलं होतं. त्याचं कारण नंतर कळलं. कोळ्याच्या पायात पाय वाकवायचे स्नायू असतात, पण मुख्य सांधे सरळ करायचे नसतात. अंगातलं रक्त दाबाने पायात ढकलून तो पाय ताणतो. पाणी कमी पडलं की दाब कमी पडतो आणि पाय पोटाखाली मुडपले जातात. मेलेला कोळी नेहमी पाय आवळून पडलेला दिसतो तो यामुळेच.

या नव्या पाहुण्याला मात्र ओल हवी होती. मी आधी परसातली माती घातली, वर पाणी शिंपडलं, तर दोन दिवसांत पेटीच्या तळाशी चिखल झाला आणि किडा कोपऱ्यात वर येऊन बसला. मग माती बदलली, तर ती इतकी कोरडी पडली की त्याने खणलेलं बीळ ढासळून गेलं. सासूबाई शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वाफशावर ठेव ना. एवढं काय त्यात?" त्यांनी मूठभर माती घेऊन आवळली. गोळा झाला. अंगठ्याने टोचला, गोळा फुटला. "ही बघ. याच्यापुढे पाणी नको आणि याच्याखाली कोरडी नको." पेरणीसाठी लागतो तोच वाफसा. वीतभर खोल अशी माती भरली, वर सालपटाचा तुकडा टाकला आणि एका रात्रीत किडा खाली गायब झाला. दुसऱ्या दिवशी काचेच्या कडेला त्याचं बीळ दिसलं, आतून लिंपल्यासारखं गुळगुळीत. काटेरी पुढचे पाय फावड्यासारखे आणि ते मोठं डोकं माती रेटायला. त्या दिवसापासून मला तो कुरूप वाटेनासा झाला.

खाण्याचा प्रश्न त्याहून नाजूक होता. सासूबाई माळकरी आहेत. टॅरँटुलासाठी दुकानातून जिवंत रातकिडे आणावे लागतात हे त्यांना इथं आल्यावर कळलं आणि त्या दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या. "जीव विकत आणायचा आणि जिवाला घालायचा," एवढंच त्या म्हणाल्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाघाला गवत घालता येत नाही असं काहीतरी मी बोलले, पण वाघ घरात आणला कुणी, हा त्यांच्या डोळ्यांतला प्रश्न बरोबरच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर रातकिड्यांच्या डब्यात अंड्याच्या ट्रेच्या पुठ्ठ्यावर गाजराच्या पातळ चकत्या मांडलेल्या. "मरायचं असलं तरी उपाशी ठेवू नये," त्या म्हणाल्या. कोळी पाळणारी जाणती माणसंही असंच करतात, कारण रातकिड्याच्या पोटात जे आहे तेच पुढे कोळ्याच्या पोटात जातं. सासूबाईंनी ते दुसऱ्याच कारणासाठी केलं. ते मला जास्त मोठं वाटतं.

परसातल्या पाहुण्याला मी आधी बटाट्याची फोड दिली, नावाला जागून. ती त्याने खाल्ली. सफरचंद खाल्लं, भिजलेले ओट्स खाल्ले, सडकी मुळी तर फार आवडीने. हा बहुतेक शाकाहारीच असावा, असं सासूबाई आनंदाने म्हणाल्या. एप्रिलमध्ये एका रात्री मी दुकानातला एक रातकिडा त्याच्या पेटीत सोडला आणि तेव्हा मला त्याचा दुसरा चेहरा दिसला.

ती रात्र मी वहीत तपशिलाने लिहून ठेवली आहे, कारण अर्ध्या तासापूर्वीच टॅरँटुलाचंही जेवण मी पाहिलं होतं.

टॅरँटुला कौलाच्या तोंडाशी बसलेली असते. तिला आठ डोळे आहेत, डोक्यावर एका टेकाडावर गोळा केलेले, पण त्यांचा तिला फारसा उपयोग नाही. ती पायांनी जग ओळखते. पायांवरच्या बारीक केसांना हवेची हालचाल कळते आणि पायाखालच्या मातीची थरथर कळते. रातकिडा तिच्यापासून चार बोटांवर आला, ती हलली नाही. दोन बोटांवर आला, ती हलली नाही. मग मध्ये काही घडलंच नाही असं वाटावं इतक्या झटक्यात रातकिडा तिच्या खाली होता. तिचे विषदंत वरून खाली, कुऱ्हाडीच्या घावासारखे उतरतात. आपल्या घरातल्या साध्या कोळ्यांचे ते समोरासमोर चिमट्यासारखे मिटतात, टॅरँटुलाचे तसे नाहीत. भक्ष्य निपचित झालं की ती त्यावर पाचक रस सोडते, कुटते, कालवते आणि पातळ झालेलं शोषून घेते. कोळी घास गिळूच शकत नाही. सकाळी पाण्याच्या वाटीजवळ वाटाण्याएवढी सुकी गोळी मिळते. रातकिड्याचं तेवढंच उरतं.

परसातला शिकारी दबा धरून बसला नाही. तो मिशा हलवत मातीवरून हळूहळू निघाला. मिशांचं टोक रातकिड्याला लागलं तशी त्याने दोन पावलं घाईने टाकली, पुढच्या काटेरी पायांनी त्याला मातीत दाबलं आणि खायला सुरुवात केली. आधी मारणं नाही, विष नाही, थेट खाणं. जबडे डावी-उजवीकडून मिटत होते. तोंडाजवळची चार छोटी बोटं घास फिरवून देत होती. खोलीत शांतता असल्यामुळे मला तो आवाज ऐकू आला, सुकी चपाती मोडल्यासारखा कुडकुड. पंख, पाय, डोकं, सगळं. वीस मिनिटांत फक्त एक मागची तंगडी उरली आणि तीही त्याने बिळात ओढून नेली.

ते बघणं मला जड गेलं, हे प्रामाणिकपणे लिहिते. कोळ्याच्या तावडीतला रातकिडा लगेच शांत होतो. याच्या तावडीतला शेवटपर्यंत जिवंत होता. पुढे मी त्याला आधीच मेलेले किडे देत गेले आणि ते त्याने तितक्याच आनंदाने खाल्ले. जंगलातही तो मिळेल ते खाणारा आहे: मुळं, कुजका पालापाचोळा, मेलेले आणि जिवंत किडे, आणि संधी मिळाली तर स्वतःचा भाऊबंदही. म्हणून या जातीचे दोन किडे एका पेटीत ठेवायचे नसतात.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर मला ऑगस्टमध्ये मिळालं, आणि तेही माझ्या चुकीमुळे.

जुलैपासून टॅरँटुला खात नव्हती. पोटावर मागच्या बाजूला तिचा एक केस झडलेला पट्टा आहे. हे केस ती घाबरली की मागच्या पायांनी उडवते आणि ते कातडीत, डोळ्यांत रुतून खाज सुटते. तो पट्टा एरवी फिका असायचा, तो आता काळा पडत चालला होता. ही कात टाकायची खूण. सहकारीने जाताना दिलेल्या कागदावर एक ओळ ठळक करून लिहिली होती: पट्टा काळा झाला की आत रातकिडा ठेवायचा नाही. मला वाटलं, खाईल तर खाईल. एका संध्याकाळी मी एक रातकिडा सोडला, तिने पाहिलं नाही आणि रात्री तो काढायचा मी विसरले.

पहाटे पाच वाजता पाणी प्यायला उठले. टॅरँटुला पाठीवर पडली होती, आठही पाय वर. खाली तिने रेशमाची पातळ सतरंजी विणली होती. क्षणभर ती मेली असंच वाटलं. मग दिसलं की छातीची ढाल कडेने उचकटली आहे आणि आतून ओलं, फिकट काहीतरी श्वास घेतल्यासारखं हलतंय. आणि तिच्या मागच्या पायाशी तो रातकिडा बसला होता. मिशांनी तिच्या पोटाला चाचपत होता.

तो दुकानातला साधा रातकिडा, बोटाच्या पेराएवढा, ज्याला आम्ही चारा म्हणत होतो. पण त्या तासांमध्ये तिचे विषदंत मऊ होते, पाय निघत नव्हते, पोटाची कातडी ओल्या कागदासारखी होती. त्याने चावायला घेतलं असतं तर ती हलूही शकली नसती. रातकिडे अशा अवस्थेतल्या टॅरँटुलाला कुरतडून मारतात, ही पाळणाऱ्यांमध्ये जुनी ओळखीची गोष्ट आहे. मी ती वाचली होती आणि तरीही चूक केली.

झाकण उघडताना माझे हात कापत होते, कारण पेटी हलवायची नव्हती. लांब चिमटा घेतला. पहिल्यांदा रातकिडा उडी मारून वाटीच्या मागे गेला. दुसऱ्यांदा त्याची तंगडी चिमट्यात आली आणि तुटली. तिसऱ्यांदा सापडला. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, मला कळलंही नव्हतं. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि परत डब्यात, गाजराच्या चकतीवर ठेवला. "आज याची वेळ नव्हती," त्या म्हणाल्या. मग आम्ही दोघी खुर्च्या ओढून बसलो. ती एकेक पाय हातमोज्यातून बोट काढावं तसा ओढून बाहेर काढत होती. उजाडलं तरी चाललंच होतं. साडेसातच्या सुमाराला ती पूर्ण मोकळी झाली आणि तशीच पडून राहिली. नवे विषदंत पांढरेशुभ्र होते. ते दोन-तीन दिवसांत तांबूस आणि मग काळे झाले. तोवर तिच्या वाटेला आम्ही कुणी गेलो नाही आणि दोन आठवडे खायला दिलं नाही.

टाकलेली कात मी पाण्यात भिजवून उलगडली. पोटाच्या खालच्या बाजूला चार पांढरे ठिपके दिसले. ती तिची फुप्फुसं, पुस्तकाची पानं एकावर एक ठेवावीत तशी रचलेली. त्यांचं अस्तरसुद्धा दर वेळी नवं होतं. तिचं रक्त प्राणवायू वाहून नेतं आणि त्यात तांब्याचा अंश असल्यामुळे ते निळसर असतं. परसातल्या शिकाऱ्याचं सगळंच वेगळं. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना भोकांची रांग आणि त्यातून आत शिरलेल्या बारीक नळ्या. हवा थेट अंगाच्या कानाकोपऱ्यात पोचते, रक्ताला ते काम नाही.

त्याची कात मात्र मला कधी मिळाली नाही. त्याने त्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला कात टाकली, जमिनीखाली, काचेला लागून असलेल्या खोलीत. मी टॉर्चवर लाल कागद लावून पाहिलं तर आत दुधी रंगाचा एक मऊ जीव बसला होता आणि स्वतःची कात खात होता. दोन दिवसांत ती संपली. वरून बिळाचं तोंड त्याने मातीने बंद केलं होतं. आत शिरून त्या मऊ अंगाला कुणी डसू नये म्हणूनच असेल. तेव्हा मी लेकीला बोलावलं आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. कडक असेल तो जिंकेल. ज्या आठवड्यात ही मऊ आहे त्या आठवड्यात तो, आणि ज्या आठवड्यात तो मऊ आहे त्या आठवड्यात ही. दोघंही कडक असतील तर बहुधा टॅरँटुला, कारण तिच्याकडे विष आहे आणि पोच लांबची आहे. लेक म्हणाली, "म्हणजे कॅलेंडर बघायला लागेल." मला ते उत्तर माझ्या उत्तरापेक्षा नेमकं वाटलं.

सप्टेंबरच्या शेवटी सासूबाई परत जायच्या आधी आम्ही त्यांना माउंट डायब्लोला घेऊन गेलो. हा डोंगर 1,173 मीटर उंच आहे आणि शरद ऋतूत तिथं मिचेल कॅन्यनच्या बाजूला संध्याकाळी टॅरँटुला बघायला लोक येतात. जमिनीत वर्षानुवर्षं राहिलेले नर वयात आले की बिळं सोडून माद्यांच्या शोधात निघतात. अमेरिकेत या गटाच्या 29 जाती आहेत असं 2016 च्या एका मोठ्या अभ्यासातून पुढे आलं. त्यातल्या 14 तोवर कुणी नोंदवलेल्याच नव्हत्या. अर्धा तास चालल्यावर आम्हाला एक दिसला, काळसर, लांब पायांचा, आमच्या घरच्या मादीपेक्षा खूप सडपातळ. तो वाटेने निवांत चालला होता. वाटेच्या कडेला एका भोकाशी, ज्यावर पातळ रेशमाचा पडदा होता, तो थांबला आणि पुढच्या पायांनी जमिनीवर टकटक करू लागला. मिनिटभर थांबला, पुन्हा टकटक. आतून काहीच आलं नाही. तो पुढे गेला. सासूबाई वाकून बघत होत्या. "दार वाजवतोय," त्या हळूच म्हणाल्या. हे नर वयात आल्यानंतरची कात सहसा टाकत नाहीत, आणि एकदा निघाले की बिळात परतही जात नाहीत. हिवाळ्यापर्यंत बहुतेक सगळे संपतात. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही.

परसातला शिकारी पुढच्या मे महिन्यात, म्हणजे 2024 मध्ये, शेवटची कात टाकून पूर्ण वाढला. आता तो जवळजवळ दोन इंच झाला होता आणि तो नर आहे हे दिसत होतं. जूनमधल्या एका रात्री दीडच्या सुमाराला मला जाग आली. घरात कुठंतरी कुणीतरी बोटाने लाकडावर ठोकत होतं. ठक, ठक, ठक, मग थोडं थांबून पुन्हा. मी पेटीपाशी गेले. तो मातीच्या वर येऊन सालपटावर बसला होता आणि पोट उचलून खाली आपटत होता.

या किड्यांना कान नसतात. साधा रातकिडा पंख घासून गातो आणि पायांवरच्या कानांनी ऐकतो. याला ना पंख ना कान. तो पोटाने जमीन वाजवतो आणि गुडघ्याखालच्या एका इंद्रियाने दुसऱ्याची थरथर ओळखतो. नर वाजवतात, माद्याही वाजवतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसशी निगडित असलेले डेव्हिड वाइसमन यांनी कित्येक दशकं हे ठोके ध्वनिमुद्रित केले. दिसायला सारख्या असलेल्या जाती ठोक्यांच्या चालीवरून वेगळ्या ओळखता येतात, हे त्यांच्या कामातून कळलं. कुणी मंद, एकसारखं वाजवतं, कुणी जलद फैरी झाडतं. मीलनानंतर मादी कधी कधी नराला खाते, तरीही ते वाजवतातच. आणि हे वाजवणं फक्त मादीच्याच कामाचं असतं असं नाही. इथली फिकट वटवाघळं, ज्यांना 2023 मध्ये कॅलिफोर्नियाने आपलं अधिकृत राज्य-वटवाघूळ ठरवलं, जमिनीवर चालणाऱ्या किड्यांची चाहूल ऐकून खाली उतरतात आणि हा किडा त्यांच्या आवडीचा आहे.

मी तळहात टेबलावर ठेवला. ठोका लाकडातून हातात आला, नाडीसारखा. आणि मग माझं लक्ष टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेलं.

टॅरँटुला कौलाबाहेर आली होती. पुढचे दोन पाय तिने उचलून धरले होते आणि ती त्याच्या पेटीच्या दिशेला वळली होती. तो थांबला की ती स्तब्ध. तो पुन्हा वाजवायला लागला की ती एक पाऊल पुढे. काचेपर्यंत आली आणि काचेवर पाय टेकून थांबली. रातकिडा जवळ आला की ती जशी बसते, तशीच. तो मादीला बोलावत होता. ते बोलावणं एकाच लाकडावरून तिच्या पायांपर्यंत पोचत होतं आणि तिला त्यातून जेवण कळत होतं. सव्वा वर्ष दोघंही त्याच टेबलावर होते. त्याच्या चालण्याची, खणण्याची प्रत्येक थरथर तिला रोज पोचत असणार, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. कदाचित तिच्या पायांची चाहूल त्यालाही पोचत असेल. आम्ही दोन पेट्या वेगळ्या केल्या होत्या, पण त्यांच्या दृष्टीने ती एकच जमीन होती.

त्या रात्री ती तासभर काचेशी उभी होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्रीही तसंच झालं. चौथ्या दिवशी मी सासूबाईंना फोन केला. तिकडे सकाळ होती. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तिला तिथं ठेवू नको. उपाशी माणसासमोर दुसऱ्याच्या लग्नाचं वाजवत ठेवल्यासारखं आहे ते. आणि त्याला वाफ्यात सोड. तिकडं कुणीतरी ऐकेल."

सोडण्याबद्दल मी बराच विचार केला. दुकानातल्या रातकिड्यांमध्ये रोग पसरतात. एका विषाणूने 2010 च्या आसपास इथले रातकिडे वाढवणारे कित्येक व्यवसाय बुडवले होते. ते रातकिडे खाल्लेला जीव परसात सोडून इथल्या मातीत काही न्यावं, असं मला वाटलं नाही. सासूबाईंना ते पटलं नाही, पण त्यांनी वाद घातला नाही. तो आमच्याकडेच राहिला आणि ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ रोज वाजवत राहिला. ऑक्टोबरच्या मध्यात एका सकाळी तो बिळाच्या तोंडाशी निश्चल मिळाला. वाफ्याच्या कडेला खोल खड्डा करून मी त्याला पुरलं.

टॅरँटुलाची पेटी मात्र फोनच्या त्याच दिवशी हलवली. शेवटच्या खोलीत, भिंतीला न लागता, लाकडी पेटाऱ्यावर. खाली सासूबाईंनी जाताना ठेवलेली गोधडी चौपदरी घातली, जुन्या लुगड्यांची, हाताने शिवलेली, जाड. मग रात्री दीडला परत उठले. बाहेरच्या खोलीत तो वाजवत होता. आत जाऊन गोधडीवर हात ठेवला, काही जाणवलं नाही. टॅरँटुला कौलाखाली होती, आठही पाय मातीवर टेकलेले.